उपकेंद्राची जागा आणि माणदेशाची गरज

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळच्या माळरानावर एक आगळी वसाहत वसविली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ही कल्पना होती. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी तुरुंगाच्या भिंतीविना राहावे, शेती करावी आणि माणूस म्हणून पुन्हा उभे राहावे, असा तो प्रयोग. ‘स्वतंत्रपूर’ या नावाने तो पुढे सर्वत्र ओळखला गेला. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाचे मूळ याच वसाहतीत आहे. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातील शेटफळ्याचे. हा प्रयोग झाला तेव्हा आटपाडीत महाविद्यालय नव्हते आणि विद्यापीठ तर शेकडो मैल दूर मुंबईत होते. एक विद्वान, एक राजा आणि हट्टी जमीन एवढ्याच भांडवलावर तो उभा राहिला.

आज या भागात विद्यापीठाचे नाव वेगळ्या कारणाने घेतले जाते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. पूर्वी सोलापूर जिल्हाही त्यातच होता. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. तेव्हापासून आटपाडीच्या विद्यार्थ्यासमोर एक विसंगत चित्र आहे. तालुक्याला लागून असलेल्या सांगोल्याचा विद्यार्थी सोलापूरच्या विद्यापीठात जातो, आटपाडीच्या विद्यार्थ्याला मात्र विटा, तासगाव, सांगली ओलांडून सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील कोल्हापूर गाठावे लागते. सांगली जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र हवे, ही मागणी याच अंतरातून जन्मली. मागणी रास्त होती, पण चर्चा लवकरच जागेच्या प्रश्नावर येऊन थबकली. ते तासगाव तालुक्यात व्हावे की खानापूर तालुक्यात, यावर दोन्हीकडून ठराव, निवेदने आणि आंदोलनाचे इशारे झाले. किती एकर जमीन, कोणत्या रस्त्यालगत, कोणाच्या मतदारसंघात हे प्रश्न विचारले गेले. तेथे काय शिकविले जाणार आणि परिसराच्या कोणत्या अडचणीवर काम होणार, हा प्रश्न त्या मानाने फारच हळू आवाजात विचारला गेला.

पैसा येतो आणि जातो

शिक्षणसंस्था आली की गाव सुधारते, हा समज अगदीच निराधार नाही. संस्थेमुळे एखाद्या तालुक्याच्या गावात पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट पगाराची आणि विद्यार्थ्यांच्या खर्चाची. खोल्या भाड्याने जातात, खानावळी चालतात, झेरॉक्सची आणि वह्या-पुस्तकांची दुकाने निघतात, एसटीच्या फेऱ्या वाढतात. दुसरी वाट शिकलेल्या मनुष्यबळाची, आणि तिसरी संस्थेतून बाहेर पडणाऱ्या ज्ञानाची, म्हणजे नवे वाण, नवे यंत्र, नवी हिशेबाची पद्धत यांची.

पहिली वाट डोळ्यांना दिसते म्हणून तीच सर्वांत मोठी वाटते. वास्तविक ती सर्वांत गळकी आहे. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहिल्या आणि अध्यापनाचा भार तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर पडला. ज्याला वर्षातील काही महिनेच मानधन मिळते आणि तेही वेळेवर मिळण्याची खात्री नसते, तो गावात घर बांधत नाही. ज्यांना पूर्ण पगार आहे त्यांतील अनेक जण जिल्ह्याच्या ठिकाणी राहून रोज ये-जा करतात. पगार तालुक्याच्या नावे निघतो, पण किराणा, मुलांच्या शिकवण्या आणि घराचे हप्ते दुसऱ्या शहरात जातात. तालुक्याच्या पेठेत उरतो तो चहाचा खर्च. तेव्हा उपकेंद्राच्या इमारतीने आपोआप बाजारपेठ फुलेल, या अपेक्षेला मर्यादा आहेत.

कराडचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेथे १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले, विद्यानगरचा परिसर वसला आणि शहराच्या अर्थकारणाला शिक्षणाचा मोठा आधार मिळाला. परंतु कराडला कृष्णा-कोयनेचे पाणी होते, महामार्ग आणि रेल्वे होती, भोवती ऊस आणि साखर कारखाने होते. संस्था एका चालत्या बाजारपेठेत आल्या आणि बाजारपेठेने त्यांना पोसले. आटपाडीत यांपैकी बहुतेक गोष्टी नव्हत्या. कराडची इमारत उचलून माणदेशात ठेवली म्हणून कराड होणार नाही. माणदेशात संस्थेला आधी तेथील उपजीविकेला हात घालावा लागेल. बाजारपेठ त्यामागून येईल.

डाळिंबाचा धडा

तिसरी वाट, म्हणजे ज्ञानाची, किती ताकदीची असते याचा पुरावा आटपाडी तालुक्याच्या शेतातच आहे. पावसाच्या सावलीतला हा मुलूख. माणगंगा वर्षातील बराच काळ कोरडी. बाजरी-ज्वारी, खिलार जनावरे आणि मेंढरे यांवर येथील माणसाने पिढ्या काढल्या. खिलारच्या एका प्रकाराला ‘आटपाडी महाल’ हेच नाव आहे आणि खरसुंडीच्या यात्रेतील जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा या तालुक्यात गेल्या काही दशकांत डाळिंब आले आणि हलक्या, मुरमाड जमिनीला प्रथमच रोख पैशाचे पीक मिळाले. पत्र्याच्या छपरांच्या जागी स्लॅबची घरे आली, ठिबकची दुकाने निघाली, आटपाडीच्या बाजारात डाळिंबाचे सौदे होऊ लागले.

हे डाळिंब आकाशातून पडलेले नाही. ‘गणेश’ हा वाण पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांच्या निवडीतून आला. ते काम १९३० च्या दशकातले. पुढे राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि तेथून ‘मृदुला’, ‘आरक्ता’ व ‘भगवा’ हे वाण मिळाले. गडद केशरी-लाल सालीच्या, टिकाऊ ‘भगव्या’ने निर्यातीचे दार उघडले. म्हणजे विद्यापीठाने माणदेशाच्या अर्थव्यवस्थेला सर्वांत मोठा हातभार लावला तो येथे एक वीटही न रचता. राहुरी येथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही तेथील एका वाणाने या तालुक्याला जे दिले, ते एखाद्या संकुलाने क्वचितच दिले असते.

मात्र या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. एकाच वाणावर हजारो एकर उभे राहिले आणि ‘तेल्या’ने गाठले. या जिवाणूजन्य रोगाने चालू शतकाच्या पहिल्या दशकात बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. त्यातून शिफारशी आल्या, काही शेतकरी सावरले. पुढे अतिपावसाच्या वर्षांनंतर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने पुन्हा सांगोला-आटपाडी पट्ट्यातील बागा वाळविल्या आणि अनेकांनी झाडे मुळासकट काढून टाकली. अशा प्रसंगी शेतकऱ्याला पहिला सल्ला कोणाकडून मिळतो? बहुतेक वेळा औषधाच्या दुकानातून. दुकानदाराचे ज्ञान कमी असते असे नाही, पण त्याचे पोट औषधाच्या बाटलीवर चालते. रोगाचे निदान करणारी तटस्थ प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर नाही, ही ती उणीव. दूरच्या विद्यापीठाने वाण दिला. वाण टिकवायला जवळची प्रयोगशाळा लागते, आणि ती येथे नव्हती.

अमेरिकेने हा धडा तीन टप्प्यांत गिरविला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी जमीन दिली. लवकरच लक्षात आले की शिकविण्यासारखे ज्ञानच पुरेसे नाही. म्हणून १८८७ च्या कायद्याने प्रयोगक्षेत्रे काढली. तरीही ज्ञान बांधावर पोचेना. तेव्हा १९१४ च्या कायद्याने विस्तारसेवा उभारली आणि विद्यापीठाचा माणूस जिल्ह्याजिल्ह्यात नेमला. भारतातील कृषी विद्यापीठांचा आराखडा याच धर्तीवर झाला. पण शिक्षण आणि संशोधनाच्या मानाने विस्ताराचा तिसरा पाय आखूडच राहिला, आणि कला-वाणिज्य-विज्ञान शिकविणाऱ्या बिगर-कृषी विद्यापीठांनी तर तो कधी आपला मानलाच नाही.

पाणी आल्यानंतरचा प्रश्न

आटपाडीसमोर आज जो प्रश्न आहे तो विस्ताराच्या या तिसऱ्या पायाची कसोटी पाहणारा आहे. १९९३ च्या सुमारास क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ आटपाडीतून उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांची तिला साथ होती. कृष्णेचे पाणी टेंभू येथून टप्प्याटप्प्याने उचलून कराडपासून सांगोल्यापर्यंत सुमारे ८० हजार हेक्टरांना देण्याची योजना १९९० च्या दशकात मंजूर झाली. निधीअभावी ती रखडली, वीजबिलांवरून बंद पडली, पुन्हा सुरू झाली. अखेर तिचे पाणी तालुक्यातील तलावांत आणि ओढ्यांत पोचू लागले. ज्या चळवळीने हे घडविले, तिची मागणी केवळ पाण्याची नव्हती. प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, पाण्याचा समान वाटा मिळावा, हे तिचे सूत्र होते.

पाणी येणे ही राजकीय कसोटी होती. त्या पाण्याचे काय करायचे, ही ज्ञानाची कसोटी आहे. शेकडो फूट उचलून आणलेल्या पाण्यावर पाटपाण्याने ऊस लावला, तर चार गावांचे पाणी एका गावात जिरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण कोणत्या गावाच्या वाट्याला किती पाणी येते, विहिरींची पातळी किती बदलली, वीजबिलाचा भार दर एकरी किती पडतो, कोणत्या पिकातून एका घनमीटर पाण्याला किती रुपये मिळतात, हे वर्षानुवर्षे मोजणारे कोणीतरी हवे. हे काम पाटबंधारे खाते स्वतःच्या कामाचे परीक्षक होऊन करू शकत नाही. पुढाऱ्यांनी ते करावे, अशी अपेक्षाही भाबडी आहे. तेथे विद्यापीठाची खरी जागा आहे. भूगोल, अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि वनस्पतिशास्त्र हे चार विभाग गावातील महाविद्यालयात असतातच. त्यांच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी शंभर विहिरींची पातळी मोजून ती जाहीर केली, तर तालुक्याला पाण्याचा स्वतःचा ताळेबंद मिळेल.

हे स्वप्नरंजन नाही. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी योग्य तंत्रज्ञानाचे केंद्र काम करीत आले आहे. त्याच विचारातून २०१६ साली राज्य शासनाने ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ स्वीकारले. प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील पाणीपुरवठा, सार्वजनिक वाहतूक, लघुउद्योग यांचे अभ्यास करावेत आणि प्रशासनाने त्यासाठी त्यांना मोबदला द्यावा, असा त्याचा गाभा. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ साली स्थापन झाले. मेंढा-लेखासारख्या गावांना २००९ पासून सामूहिक वनहक्क मिळू लागले होते आणि ग्रामसभांच्या हाती बांबू-तेंदूचा व्यवहार येत होता. त्या विद्यापीठाने ग्रामसभांच्या प्रतिनिधींसाठी अभ्यासक्रम काढला, कारण हिशेब आणि करार समजणारी माणसे ही तेथील पहिली आर्थिक गरज होती. ज्या मुलखाची जी गरज, तोच तेथील विद्यापीठाचा विषय, एवढे साधे हे तत्त्व आहे.

शिकून जाणारे आणि राहणारे

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे. शिक्षण हे गावातून बाहेर पडण्याचे तिकीट आहे, ते गावातच बांधून ठेवण्याचे साधन कसे होईल? आक्षेपात तथ्य आहे. आटपाडीत १९२१ साली जन्मलेले शंकरराव खरात गावकामगार महाराच्या घरातून निघाले आणि १९७० च्या दशकात मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ते गावातच राहिले असते, तर जातीने नेमून दिलेल्या कामाच्या जोखडातून त्यांची सुटका झाली असती काय? बाहेर पडण्याचा हक्क हा शिक्षणाचा पहिला लाभ आहे आणि गावाच्या विकासाच्या नावाखाली तो कोणी हिरावून घेऊ नये.

शिवाय स्थलांतर हे माणदेशाचे जुने अर्थशास्त्र आहे. खानापूर-आटपाडी पट्ट्यातील गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय घेऊन देशातील शहराशहरांत पोचले. दुष्काळाने हाकललेल्या या माणसांनी परमुलखात दुकाने थाटली आणि गावाकडे पैसा पाठविला. त्यातून घरे, विहिरी, मंदिरे उभी राहिली. धातुशुद्धीचे हे कौशल्य पिढीजात, आम्लाच्या धुरात शिकलेले आहे. त्यातील रसायनशास्त्र, आरोग्याचे धोके, कर आणि हिशेब यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम या परिसरातील महाविद्यालयात असता, तर बाहेर जाणारा मुलगा कारागीर म्हणून निघून उद्योजक म्हणून परतण्याची शक्यता वाढली असती. जाणे थांबवावे, असा याचा अर्थ होत नाही. रिकाम्या हाताने जावे लागू नये आणि परतण्यासारखे काही मागे असावे, एवढीच अपेक्षा आहे.

परतण्यासारखे किंवा राहण्यासारखे काही निर्माण करता येते, याची दोन उदाहरणे शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहेत. फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली कृषी संशोधन संस्था स्थापन केली. तेथे दख्खनी मेंढीत सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देणारा गुण संकराने आणला गेला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील संशोधक या कामात सहभागी होते. धनगराच्या कळपात एका मेंढीमागे वाढलेले कोकरू म्हणजे थेट उत्पन्नवाढ. दुसरे उदाहरण म्हसवडचे. १९९७ साली तेथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. पुढे त्या परिवाराने शाळा सोडलेल्या स्त्रियांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा काढली. बसमधून गावोगाव फिरणारी शाळाही त्यात आली. या दोन्ही संस्थांना विद्यापीठाचा दर्जा नाही. पण विद्यापीठाने करायचे काम त्यांनी करून दाखविले आहे, आणि तेही आटपाडीसारख्याच कोरड्या मुलखात.

हाताशी असलेले भांडवल

मग आटपाडीने उपकेंद्राची वाट पाहत बसावे काय? तशी गरज नाही. शासनाकडून कोट्यवधी रुपयांची इमारत मिळण्याआधीच एक मोठे भांडवल तालुक्याच्या हाती आले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला शेकडो तास वर्गाबाहेर काम करणे भाग आहे. हे तास कसे खर्ची पडतात, यावर बरेच अवलंबून आहे. एखाद्या कार्यालयाचा शिक्का आणून आणि संगणकावरून उतरवून काढलेला अहवाल जोडून ते संपविता येतात. किंवा तालुक्यातील डाळिंब बागांची रोगपाहणी, विहिरींची मोजणी, आठवडी बाजारातील दरांची नोंद, मेंढपाळांच्या चराईमार्गांचा नकाशा अशा कामांना ते लावता येतात. शासकीय आदेश दोन्हींना सारखेच गुण देतो. गावाला मात्र दुसऱ्याचाच उपयोग आहे.

यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, विद्यापीठाने महाविद्यालयाकडे केवळ परीक्षाकेंद्र म्हणून पाहणे थांबवावे आणि संलग्नतेच्या अटींत परिसर-अभ्यासाला स्थान द्यावे. दुसरी, त्या कामासाठी पूर्णवेळ, तालुक्यात राहणारा शिक्षक असावा. तासिकेच्या मानधनावर जगणाऱ्याकडून दहा वर्षांच्या नोंदवहीची अपेक्षा धरणे अन्याय्य आहे. तिसरी, नगरपंचायत, बाजार समिती आणि पंचायत समिती यांनी आपल्या अंदाजपत्रकातून लहानशी का होईना, पण नियमित रक्कम अशा अभ्यासांना द्यावी. फुकटचा सल्ला कोणी मनावर घेत नाही, आणि जो विचारला जात नाही तो हळूहळू मिळेनासा होतो. राज्य शासनाने २०१६ साली दाखविलेला मार्ग हाच आहे. तो अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरता राहू नये.

याला लागणारा खर्च इमारतीच्या तुलनेत नगण्य आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याच्यासाठी कोणी उपोषणाला बसत नाही. कोनशिला बसविता येते, छायाचित्र निघते. विहिरीच्या पाणीपातळीच्या नोंदवहीचे उद्‍घाटन होत नाही. परंतु कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती इमारतीच्या बळावर नव्हे. ‘कमवा आणि शिका’ या सूत्राने त्यांनी विद्यार्थ्याच्या हातालाच संस्थेचे भांडवल केले. त्याच्याही आधी, १९१० साली, औंधच्या राजाने दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि भोवतालच्या खेड्यांतील माणसांनाच कारागीर बनविले. या मातीत जे उभे राहिले ते येथल्या माणसाच्या कौशल्यावर विश्वास ठेवून.

उपकेंद्र जेथे व्हायचे तेथे होईल. ते आटपाडीपासून वीस किलोमीटरवर असेल की साठ, याने विद्यार्थ्याचा बसचा खर्च बदलेल, तालुक्याचे नशीब बदलणार नाही. टेंभूच्या पाण्यावर पुढची दहा वर्षे कोणते पीक उभे राहते आणि त्या पिकावर पहिला डाग पडला की शेतकरी पान घेऊन कोणाकडे जातो, यावर ते ठरेल. आज तो औषधाच्या दुकानात जातो. उद्या तो महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरला, आणि आत त्याचे पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणारे कोणी असले, तर विद्यापीठ आटपाडीत पोचले असे म्हणता येईल.